शहराच्या हवामान कृतीसाठी स्थानिक तज्ज्ञांनी विनामोबदला वेळ द्यावा का? द्यावा तर कोणत्या अटींवर?

जलरेषा

नमस्कार मंडळी,

महापालिकेने हवामान बदलाबाबत सल्ला देण्यासाठी शहरातल्याच तज्ज्ञांचा एक गट नेमायचं ठरवलंय. प्राध्यापक, डॉक्टर, वास्तुविशारद, ऊर्जेवर काम करणारे, निवृत्त अभियंते अशी माणसं. मानधन नाही, मुदत दोन वर्षं. मलाही विचारणा झाली आहे. माझं काम पावसाच्या पाण्याचं: किती पाऊस पडला तर कुठलं पाणी कुठे जाईल, याचं गणित.

होकार द्यावा असं मला मनापासून वाटतं. जागतिक हवामान प्रारूपांमधला (म्हणजे संगणकावरच्या मॉडेलमधला) एक चौकोन साधारण १०० किलोमीटर बाजूचा असतो. अख्खं शहर त्यात बुडून जातं. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवायची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे ती प्रारूपं सांगतात. पण त्यामुळे कोणत्या पुलाखाली आधी पाणी तुंबेल, हे तिथली जमीन आणि तिथले नाले ओळखणारा माणूसच सांगू शकतो. ते ज्ञान शहरात आहे आणि बहुतेक वेळा कुणी विचारत नाही म्हणून पडून आहे.

तरी दोन वर्षांनी हातात एक जाडजूड अहवाल आणि एक सत्काराची शाल, एवढंच उरू नये अशी इच्छा आहे. तुमच्यापैकी कुणी अशा गटात काम केलंय का? आत शिरण्याआधी काय मागून घ्यावं?

सांजवात

चांगला विषय. वाचतेय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

मोजपट्टी

होकार द्या. पण आधी न्यूयॉर्कचं उदाहरण नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

२००८ मध्ये तिथल्या महापौरांनी, म्हणजे ब्लूमबर्ग यांनी, शहरातल्या आणि आसपासच्या शास्त्रज्ञांचं एक मंडळ नेमलं. हवामानशास्त्र, समुद्रपातळी, विमा, कायदा असे वेगवेगळे लोक. पहिला अहवाल २०१० मध्ये आला. इथवर कुठल्याही शहरात घडतं तेच. फरक पडला तो २०१२ मध्ये. नगर परिषदेने स्थानिक कायदा करून हे मंडळ कायमचं केलं. महापौर बदलले तरी मंडळ राहणार, आणि किमान दर तीन वर्षांनी शहरासाठीचे अंदाज सुधारून देणार.

कायदा झाल्यावर काही आठवड्यांतच, ऑक्टोबरच्या शेवटी, सँडी वादळ आलं. पुढच्या वर्षी पुनर्बांधणीचा आराखडा करताना मंडळाने ताजे आकडे दिले. २०१५ च्या अहवालात २०५० च्या दशकासाठी समुद्रपातळीतली वाढ ११ ते २१ इंच धरली आहे. अशा आकड्याचा मोठा उपयोग म्हणजे सगळी खाती एकच आकडा धरून चालू शकतात. नाहीतर पाण्याचं खातं एक धरतं, रस्त्यांचं दुसरं, आणि पंप बसतो तिसऱ्याच उंचीवर.

तेव्हा पहिली अट: गट ठरावाने किंवा उपविधीने नेमलेला असावा. एका अधिकाऱ्याच्या पत्रावर नको.

परखड

माझा सरळ विरोध आहे.

फुकट सल्ल्याला किंमत नसते, हे कुठल्याही कार्यालयात कळतं. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार कंपनीला पैसे मिळतात, छापणाऱ्याला मिळतात, सभागृह भाड्याने देणाऱ्याला मिळतात. ज्याच्या डोक्यातून मजकूर येतो त्याला मात्र 'समाजकार्य'. आणि अहवालाच्या दुसऱ्या पानावर त्याचं नाव छापलं की त्यात जे काही लिहिलंय त्याला तज्ज्ञांची मान्यता मिळाली असं होतं, त्याने ते वाचलेलं असो वा नसो.

दुसरं, अहवालांचा तुटवडा कधीच नव्हता. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ चा. जुन्या वाहिन्या ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, त्या ५० मिमीच्या करा असं त्यात होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तोवर त्यातलं बरंचसं काम कागदावरच होतं. ५० मिमीची वाहिनीसुद्धा त्या दिवशी अपुरी पडली असती, हे मान्य. पण तज्ज्ञ नव्हते म्हणून काम अडलं, असं कुणी म्हणू नये.

जलरेषा

@परखड, तुमचं उदाहरण मला पुरेपूर पटतं, निष्कर्ष पटत नाही. १९९३ च्या अहवालाला वाली नव्हता. तो सादर झाला आणि करणाऱ्यांचं काम संपलं. त्यानंतर दरवर्षी सभागृहात उभं राहून 'यातलं किती झालं?' असं विचारणारं कुणी खुर्चीत बसलेलं नव्हतं. मला त्या खुर्चीत बसायचंय.

२००५ नंतरचंही बघा. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, २००६ मध्ये तिचा अहवाल आला. त्याच सुमारास अग्निशमन केंद्रांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. त्याआधी एवढ्या मोठ्या शहराच्या पावसाचा अंदाज मुख्यतः कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन जागांवरून बांधला जायचा. उपनगराच्या एका टोकाला ढगफुटीसारखा पाऊस आणि दुसरीकडे रिमझिम, हा फरक आता तासातासाला दिसतो. लोक असे बदल विसरतात, कारण उद्घाटनाची फीत कापण्याएवढे ते मोठे नसतात.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, म्हणून पाण्याऐवजी उन्हाबद्दल लिहितो.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता. नंतर मृत्यूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं दिसलं. कागदोपत्री उष्माघाताची नोंद यातल्या फार थोड्यांची होती. बाकीचे हृदयविकार, मूत्रपिंड, 'वार्धक्य' अशा नावांखाली गेले होते. महापालिका, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि बाहेरचे काही संशोधक यांनी मिळून २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला.

त्यात भव्य काही नाही. तापमानाच्या अंदाजानुसार पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे. लाल इशारा आला की कोणी कोणाला फोन करायचा, हे नावानिशी ठरलेलं. नंतरच्या एका अभ्यासाने २०१४-१५ या काळात वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज काढला.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथल्या एका महापालिका रुग्णालयात प्रसूती कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. वर दिवसभर तापलेला स्लॅब आणि खाली दोन-तीन दिवसांची बाळं. उन्हाळ्यात नवजात बाळं तापाने फणफणून अतिदक्षता विभागात येत होती. तिथल्या डॉक्टरांनी नोंदी जुळवल्या, कक्ष खालच्या मजल्यावर हलवला, आणि उष्णतेमुळे दाखल होणारी बाळं कमी झाली. खर्च जवळपास शून्य. हे कुठल्या जागतिक प्रारूपात दिसणार? रोज त्या जिन्याने वर जाणाऱ्यालाच दिसलं.

म्हणून माझं मत: गटात डॉक्टर घ्या, पण वॉर्डात राउंड घेणारा डॉक्टर घ्या.

रेवाकाठ

@नाडीपरीक्षा, अंगावर काटा आला वाचताना. वाचनखूण साठवली आहे.

टवाळवारा

या धाग्यावर पाणी झालं, ऊन झालं, कायदा झाला. आता वारा म्हणून मी आलो. जलरेषाताई, गणपूर्ती झाली, बैठक सुरू करा! :)

गाळमोजणी

मी पालिकेत काम करतो, कुठल्या ते सांगत नाही. आतल्या बाजूने लिहितो, राग मानू नका.

तज्ज्ञ मंडळी येतात, उत्तम बोलतात. 'निसर्गाधारित उपाय करा', 'पाणी जिरवा' असं सांगतात. पटतंही. मग मी जागेवर परत येतो आणि माझ्यासमोर प्रश्न असतो की हे कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकू? दरसूचीत (कामांच्या ठरलेल्या दरांच्या छापील यादीत) जी बाब नाही तिचं अंदाजपत्रक मला करताच येत नाही. पाणी झिरपू देणारा पदपथ दरसूचीत नसेल, तर मी काँक्रीटचाच टाकणार, कारण त्याचा दर छापलेला आहे. लेखापरीक्षणात उत्तर मला द्यायचं असतं, सल्लागार मंडळाला नाही.

तेव्हा खरंच मदत करायची असेल तर दरसूचीत नव्या बाबी कशा आणायच्या, त्यांचं तांत्रिक विवरण काय, टिकाऊपणाची चाचणी कोणती, हे लिहून द्या. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला टाळ्या पडत नाहीत. पण एकदा बाब छापली गेली की पुढची वीस वर्षं प्रत्येक कनिष्ठ अभियंता ती वापरू शकतो.

दुसरं, अंदाजपत्रकाचं वेळापत्रक बघा. खात्यांच्या मागण्या वर्षअखेरीच्या कितीतरी महिने आधी जातात. मार्चमध्ये आलेली उत्कृष्ट शिफारस पुढच्या वर्षी जुनी झालेली असते.

तिसरं, नकाशावरचा नाला आणि जमिनीवरचा नाला वेगळे असतात. नकाशात तीन मीटर रुंद दिसतो. प्रत्यक्षात आत उतरलात तर मोरीच्या बरोबर मध्यातून कुणाची तरी जलवाहिनी आडवी गेलेली असते, तिला केबलींचा जुडगा बांधलेला असतो आणि त्यावर पहिल्याच पावसात प्लास्टिक आणि फांद्यांचा बांध तयार होतो. पाणी जायला उरते अर्धी जागा. हे आमच्या सफाई कामगाराला वर्षानुवर्षं माहीत असतं. त्याला तुमच्या गटात बोलावणार आहात का?

जलरेषा

@गाळमोजणी, राग कसला? मागितलं होतं तेच मिळालं. दरसूचीचा मुद्दा तर मी कुठल्याच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत वाचलेला नाही. आणि त्या आडव्या गेलेल्या वाहिनीमुळे माझं सगळं गणित बदलतं, कारण आम्ही मोरी पूर्ण रिकामी धरूनच प्रवाह काढतो. अशा अडथळ्यांची यादी आहे का कुठे?

गाळमोजणी

यादी डोक्यात आहे. मुकादमांच्या. कागदावर नाही. ते निवृत्त झाले की यादीही निवृत्त.

मोजपट्टी

मग गटाचं पहिलं काम हेच असू द्या. अहवाल नंतर.

रेवाकाठ

मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. एक वेगळा मुद्दा मांडू का? सगळी चर्चा पूर आणि ऊन यांवर चाललीय, म्हणजे परिणाम झेलण्यावर. हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करण्याचं काय? मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, त्यात २०१९ सालचं उत्सर्जन सुमारे २३.४ दशलक्ष टन धरलंय. त्यातलं जवळपास ७२ टक्के इमारतींतल्या वगैरे ऊर्जावापराचं, २० टक्के वाहतुकीचं, ८ टक्के कचऱ्याचं. म्हणजे मुख्य लढाई विजेची आहे. पण कुठल्याही शहरात 'हवामान' म्हटलं की पहिला कार्यक्रम वृक्षारोपणाचा.

परखड

+१. रोपांसोबत फोटो काढून झाले की पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवी रोपं.

पानगळ

थांबा, झाडांवर एवढं घसरू नका. कर्बशोषणाचा हिशेब लावला तर शहरातली झाडं शहराच्या उत्सर्जनापुढे नगण्य आहेत, हे खरं. पण झाड लावायचं ते सावलीसाठी आणि पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनासाठी. डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग उन्हात आणि सावलीत मोजून बघा, हाताला चटका बसतो आणि बसत नाही इतका फरक असतो. फक्त तज्ज्ञाने हे स्पष्ट सांगावं की झाड हा उष्णतेवरचा उपाय आहे, वीज कोळशाची असल्याबद्दलचं प्रायश्चित्त नाही.

आणि लावण्याआधी असलेली मोठी झाडं वाचवा. तीस वर्षांच्या झाडाची सावली तीन वर्षांची तीस रोपं देत नाहीत.

रेवाकाठ

@पानगळ, हे मान्य. माझा आक्षेप क्रमाला होता, झाडांना नाही.

कचऱ्याचा वाटा ८ टक्केच दिसतो, पण तिथे मिथेन आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटीच्या आसपास. आणि कचरा हा विषय बहुतेक शहरांत पूर्णपणे पालिकेच्या हातात असतो. वीज कुठून यायची हे पालिका ठरवत नाही, पण ओला कचरा कुठे जायचा ते ठरवते. स्थानिक गटाने जोर कुठे लावावा, याचं हे एक उत्तर वाटतं मला.

कलमवार

वकिली करतो, म्हणून दोनच मुद्दे.

एक, हितसंबंध. सौर पॅनल विकणारा, बांधकाम व्यावसायिकाचा सल्लागार, पालिकेचं कंत्राट घेणारी संशोधन संस्था, हे सगळे 'स्थानिक तज्ज्ञ' असू शकतात आणि त्यांचं ज्ञान खरं असू शकतं. त्यांना बाहेर ठेवून गट दुबळा होतो, आत घेऊन संशयास्पद होतो. उपाय एकच: प्रत्येकाने आपले आर्थिक संबंध लेखी जाहीर करायचे, ते लोकांना बघता यायला हवेत, आणि ज्या विषयात संबंध आहे त्या चर्चेत मत द्यायचं नाही. बिनपगारी कामाला हे लागू नाही असा समज आहे. उलट बिनपगारी कामालाच जास्त लागू आहे. वेळ फुकट का दिला जातोय, हे लोकांना कळलं पाहिजे.

दोन, उत्तर. ब्रिटनमध्ये २००८ च्या हवामान कायद्याने एक स्वतंत्र समिती आहे. ती दरवर्षी संसदेला प्रगतीचा अहवाल देते आणि सरकारला त्यावर लेखी उत्तर द्यावंच लागतं. सरकार शिफारस नाकारू शकतं, पण गप्प बसू शकत नाही. शहराच्या पातळीवर हीच तरतूद ठरावात मागा: शिफारस मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत 'मान्य', 'अमान्य' किंवा 'अंशतः', कारणासह. एवढं मिळालं तर बाकीच्या निम्म्या अटी सोडल्या तरी चालतील.

परखड

@कलमवार यांचा दुसरा मुद्दा मिळत असेल तर माझा विरोध बराच सौम्य होतो. पण एक गोष्ट सुटत नाही.

'मानधन नाही' म्हटलं की गटात कोण येऊ शकतं? ज्याचं पोट दुसरीकडून भरतं तो. मंगळवारी दुपारी तीन वाजता बैठकीला यायचं तर रोजंदारीवरचा माणूस आपली मजुरी बुडवून येईल का? उन्हात बांधकामावर उभी राहणारी बाई, रस्त्यावर विकणारा, गाळमोजणी यांचा मोरीत उतरणारा कामगार, यांना सगळ्यात आधी चटका बसतो आणि यांचीच जागा रिकामी राहते. प्राध्यापकाने मानधन घेऊ नये, ठीक. या लोकांना मात्र बुडालेल्या दिवसाचे पैसे आणि प्रवासखर्च मिळालाच पाहिजे. तो 'सल्ल्याचा मोबदला' म्हणून द्या, उपकार म्हणून नको.

नाडीपरीक्षा

@परखड, शंभर टक्के सहमत. आणि बैठक संध्याकाळी ठेवा. उष्णतेचा सगळ्यात नेमका अहवाल मला नेहमी अशाच रुग्णांकडून मिळतो: रात्री खोली किती वाजता थंड होते, की होतच नाही. दिवसाच्या कमाल तापमानाकडे सगळ्यांचं लक्ष, पण शरीर सावरतं रात्री. पत्र्याच्या खोलीतली रात्र कुठल्याच वेधशाळेच्या नोंदीत नसते.

सांजवात

एक शंका. आयपीसीसीचे (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीचे) शास्त्रज्ञसुद्धा विनामोबदलाच लिहितात ना? मग तिथे कसं चालतं?

मोजपट्टी

हो, लेखकांना आयपीसीसी पैसे देत नाही. पण बहुतेकांना त्यांची विद्यापीठं आणि संस्था तेवढा वेळ देतात. शिवाय मसुद्यावर आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला लेखकांना लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते सगळं नंतर जाहीर होतं. म्हणजे कलमवार म्हणतात तीच शिस्त, फक्त इथे शास्त्रज्ञांना लावलेली. सध्याच्या सातव्या फेरीत शहरांवर एक खास अहवाल तयार होतोय, त्यामुळे स्थानिक गटांना पुढे चांगलं साहित्य मिळेल.

दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानचंही उदाहरण बघण्यासारखं आहे. डेब्रा रॉबर्ट्स तिथल्या महापालिकेत अधिकारी होत्या. शहराचा हवामान कार्यक्रम त्यांनी आतून उभा केला, आणि पुढे आयपीसीसीच्या दुसऱ्या कार्यगटाच्या सहअध्यक्ष झाल्या. तज्ज्ञ बाहेरचाच असतो असं नाही. @गाळमोजणी, हे तुमच्यासाठी लिहितोय.

गाळमोजणी

धन्यवाद. :) आमच्याकडचे असे चार-पाच जण मी आत्ता नावानिशी सांगू शकेन. त्यांना कुणी विचारलं की ते आधी दरवाजा बंद करतात आणि मग बोलतात. गटाला हे दार उघडं ठेवता आलं तर बघावं. अधिकाऱ्याने बैठकीत मांडलेल्या अडचणीवरून त्याच्यावर ठपका येणार नाही, असं ठरावात लिहून घ्या.

सुरतेचं आठवलं म्हणून सांगतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीवरच्या उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहर बुडालं. त्यानंतर पालिका, व्यापाऱ्यांची संघटना आणि तज्ज्ञ एकत्र बसू लागले, २०१२ मध्ये त्याचा हवामान न्यासच झाला. धरण शहरापासून कितीतरी वर, त्यामुळे नुसत्या शहराच्या गटाने भागलं नसतं. धरणाची माहिती शहरापर्यंत वेळेत पोचेल, अशी पूर्वसूचनेची साखळी त्यांनी उभी केली. @जलरेषा, तुमच्या नदीवर वर कोणाचा ताबा आहे, ते खातं गटात आहे का?

जलरेषा

नाही! आत्ताच यादी पुन्हा पाहिली. पाटबंधारे खात्याचं कुणीही नाही. हे उद्याच कळवते.

सगळं वाचून माझं ठरलंय. होकार द्यायचा, पण पत्र असं द्यायचं की गट सर्वसाधारण सभेच्या ठरावाने व्हावा, शिफारशींना साठ दिवसांत कारणासह लेखी उत्तर मिळावं, सगळ्यांचे हितसंबंध जाहीर असावेत, आणि पालिकेकडची नाल्यांची, पंपांची, पावसाची, रुग्णालयातल्या नोंदींची माहिती नावं वगळून आम्हाला खुली व्हावी. रोजंदारीवरच्या सदस्यांना मोबदला आणि संध्याकाळची बैठक, हेही. पहिल्या सहा महिन्यांत अहवाल लिहायचा नाही. मुकादमांसोबत मोऱ्यांमधले अडथळे नोंदवायचे आणि दरसूचीसाठी दोन-तीन बाबी लिहून द्यायच्या. यातली उत्तराची आणि माहितीची अट मान्य नसेल तर मी बाहेरून मदत करेन, गटात नाव देणार नाही.

काही राहिलंय का?

पानगळ

झाडं तोडायच्या परवानग्या गटासमोर आधी याव्यात, तोडल्यावर नकोत.

परखड

मतभेदाची नोंद. एखाद्या सदस्याला शिफारस पटली नाही, तर त्याची वेगळी टीप अहवालात जशीच्या तशी छापली जावी. आणि दुसऱ्या पानावर नाव छापण्याआधी त्याची सही घ्यावी.

कलमवार

'साठ दिवसांत' कुणी उत्तर द्यायचं ते पदनामाने लिहा. 'प्रशासनाने' असं लिहिलंत तर कुणीच देणार नाही. पत्राचा मसुदा इथे टाका, ओळीओळीने बघतो.

जलरेषा

टाकते, शनिवारपर्यंत. @गाळमोजणी, दरसूचीतल्या बाबींसाठी तांत्रिक विवरणाचा एखादा छापील नमुना व्यनिने पाठवाल का?

गाळमोजणी

पाठवला. तिसऱ्या पानावरचा चाचणीचा तक्ता आधी भरा, फाइल तिथेच परत येते.